पानात बोट ठेवून

दहावीच्या सुट्टीत सोलापुरात टायपिंगच्या क्लासला जायचे. पहिले पंधरा दिवस एकच धडा: एएसडीएफजीएफ, सेमीकोलन-एलकेजेएचजे. नजर समोरच्या कागदावर, बोटं आपापल्या जागी. कोणी खाली बघितलं की बाई पट्टी टेबलावर आपटायच्या. परीक्षा झाली, सर्टिफिकेट फाइलीत गेलं आणि तो विषय माझ्यापुरता संपला. पण बोटांच्या लेखी तो संपला नव्हता, हे कळायला सहा वर्षं लागली.

पुण्यात नोकरीला लागले तेव्हा लिनक्सचे सर्व्हर सांभाळायचं काम मिळालं. काहीही विचारायला गेलं की आमच्या सिनियरांचा पहिला प्रश्न ठरलेला: "मॅन पेज बघितलंस का?" मॅन म्हणजे मॅन्युअल. काळ्या स्क्रीनवर मॅन लिहायचं, पुढे हव्या त्या कमांडचं नाव, की तिची माहिती समोर येते. ती दिसते लेस नावाच्या एका छोट्या प्रोग्रॅममध्ये, आणि लेस चालतो निव्वळ कळांवर. स्पेसबार दाबला की पुढचा पडदाभर मजकूर, बी दाबला की मागचा. जे दाबला की एक ओळ खाली, के दाबला की एक ओळ वर. संगणकाच्या कीबोर्डवर एफ आणि जे या कळांवर बारीक उंचवटा असतो. उजव्या हाताची तर्जनी न बघता तिथे टेकते आणि तिथेच "पुढची ओळ" असते. त्या दिवशी बाईंची पट्टी आठवली. वाचताना खाली बघायचं नाही, हात हलवायचा नाही; मला हे कुणी वेगळं शिकवावं लागलं नाही.

या कळांमागे इतिहास आहे. बिल जॉय यांनी बर्कलीला व्हीआय हा एडिटर लिहिला तो एडीएम-३ए नावाच्या टर्मिनलवर. त्या टर्मिनलवर एच, जे, के, एल या चार कळांवरच बाण छापलेले होते. टर्मिनल केव्हाच गेलं, पण जे खाली आणि के वर हे राहिलं. लेसच्या आधी मोअर नावाचा प्रोग्रॅम होता. तो मजकूर पडदाभर दाखवायचा आणि खाली "मोअर" असं लिहून थांबायचा, पण मागे जाण्यात फार कच्चा होता. मार्क नुडेलमन यांनी ऐंशीच्या दशकात मागे-पुढे दोन्हीकडे सहज फिरणारा प्रोग्रॅम लिहिला आणि मोअरच्या उलट म्हणून त्याला लेस नाव दिलं.

नोकरीला लागले त्या वर्षीची एक चूक अजून माझ्याजवळ आहे. एका ग्राहकाला दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी, रात्री दोन वाजता, सगळ्या डीलर्सना स्टॉकचं स्टेटमेंट मेलने पाठवायचं होतं. ठरलेल्या वेळी काम उरकणारा प्रोग्रॅम म्हणजे क्रॉन. त्याच्या यादीतल्या, म्हणजे क्रॉनटॅबमधल्या, ओळीत पाच रकाने भरायचे: मिनिट, तास, तारीख, महिना, वार. मला अडचण एकच होती, सोमवारचा आकडा १ की २? मॅन क्रॉनटॅब उघडलं तर त्यात नुसती कमांडची माहिती. रकान्यांचं पान वेगळं, मॅन्युअलच्या पाचव्या विभागात. मॅन ५ क्रॉनटॅब असं म्हटलं तर ते मिळतं. ते उघडलं, स्लॅश दाबून "सन" शोधलं आणि थेट तक्त्यात जाऊन पडले. रविवार ० किंवा ७, म्हणजे सोमवार १. क्यू दाबून बाहेर. ओळ लिहिली: शून्य मिनिटं, दोन वाजता, तारीख १ ते ७, कुठलाही महिना, वार १. पहिल्या सात दिवसांत येणारा सोमवार म्हणजे पहिला सोमवार, हिशेब चोख वाटत होता.

त्या महिन्याची एक तारीख गुरुवारी होती. शनिवारी सकाळी ग्राहकाचा फोन आला. गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रोज रात्री दोन वाजता सगळ्या डीलर्सना स्टेटमेंट गेलं होतं.

सिनियर रागावले नाहीत. म्हणाले, "तेच पान उघड. जी दाब." जी दाबला की पान पहिल्या ओळीवर येतं. "आता शोधू नकोस. वाच."

मी तक्त्यात उतरले होते, त्याच्या थोडं वरच लिहिलेलं होतं की तारीख आणि वार या दोहोंपैकी एक जुळलं तरी काम चालतं. तक्त्याच्या खाली, दोन-चार परिच्छेदांनंतर, टीप म्हणून तेच पुन्हा, अधिक उलगडून सांगितलेलं. क्रॉन बाकीचे रकाने "आणि"ने जोडतो, हे दोन मात्र दोन्ही भरले तर "किंवा"ने. पान लिहिणाऱ्याला माहीत होतं की माणसं इथे घसरणार, म्हणून त्याने दोनदा बजावलं होतं. मी त्या दोन इशाऱ्यांच्या मधोमध उडी मारून माझा आकडा उचलला आणि निघून गेले.

उपाय असा की तारीख १ ते ७ ठेवायची, वार मोकळा सोडायचा आणि आज सोमवार आहे का हे कमांडमध्येच तपासायचं. तो तपास करताना टक्क्याचं चिन्ह लागतं आणि क्रॉनच्या ओळीत त्याच्या आधी उलटा स्लॅश द्यावा लागतो. हेही त्याच पानावर आहे. डेबियन या लिनक्सच्या पानावर तर आता दुसऱ्या शनिवारचं उदाहरणच दिलेलं सापडतं. बँकांची एक सुट्टी त्याच शनिवारी असल्यामुळे आपल्याकडे ते कितीजणांच्या उपयोगी पडत असेल!

तेव्हापासून माझी रीत ठरली. नवं पान पहिल्यांदा उघडलं की वरपासून, स्पेसबारने. शोध दुसऱ्या खेपेला. आणि शोधताना मध्येच दुसरीकडे जायचं असेल तर आधी एम दाबून एखादं अक्षर, समजा ए. मग कुठेही भटकून यावं. एकेरी अवतरणचिन्ह आणि ए दाबलं की पुन्हा त्याच ओळीवर. आजी पोथी वाचताना कोणी हाक मारली तर पानात बोट ठेवून वर बघायची. मला एमची कळ दाबताना दर वेळी ते बोट दिसतं.

या पानांची मांडणीही वाचणाऱ्याला घडवते. पहिलं युनिक्स मॅन्युअल ३ नोव्हेंबर १९७१ चं, बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी लिहिलेलं. नाव, वापरायचा नमुना, वर्णन, फायली, सोबतची पानं हा साचा तेव्हापासूनचा. त्यात "बग्ज" असंही एक कलम होतं: आमच्या प्रोग्रॅममध्ये काय बिघडलेलं आहे, ते आम्हीच सांगतो. आपल्या कामातली खोट त्याच कामाच्या पानावर लिहून ठेवायची, यातला सच्चेपणा मला आजही हलवतो. मी लिहिलेल्या प्रत्येक स्क्रिप्टच्या माहितीत हे कलम असतं.

इन्फो नावाचा दुसरा एक वाचक-प्रोग्रॅम आहे, ग्नू प्रकल्पातला. लोक त्याला कंटाळतात, कारण त्याच्या कळा वेगळ्या: एन म्हणजे पुढचं प्रकरण, यू म्हणजे वरचं, एल म्हणजे आत्ता होतो तिथे परत. मला तो आवडतो, तो आय या कळेसाठी. आय दाबलं की सूची. ही सूची माणसाने बसून केलेली असते. लिहिणाऱ्याने लिहितानाच खूण केलेली असते की या परिच्छेदाचा विषय अमुक. आपल्या कमांड चालवणाऱ्या बॅशच्या मोठ्या ग्रंथात "वर्ड स्प्लिटिंग" सूचीतून काढलं की तो विषय जिथे नीट समजावला आहे तिथे नेऊन सोडतो. स्लॅशने शोधलं तर नुसता उल्लेख आला तिथेही थांबत बसावं लागतं.

आमच्या ग्राहकांच्या सर्व्हर रूममध्ये इंटरनेट नसतं, मोबाइल दारावरच जमा करावा लागतो. तिथे ही पानं सोबत असतात, आणि ती त्याच मशीनवरची, त्याच आवृत्तीची. बाहेर वाचलेला एखादा पर्याय या मशीनवरच्या जुन्या कमांडला ठाऊकच नसतो, असा प्रसंग मी किती वेळा पाहिला आहे.

गेल्या महिन्यात टीममध्ये नवी मुलगी आली. बॅकअप शुक्रवारी घ्यायचा आणि महिन्याच्या एक तारखेलाही. मी शेजारी उभी राहिले तेव्हा ती मॅन ५ क्रॉनटॅबच्या तक्त्यात होती आणि बोट क्यूकडे निघालं होतं.

"मॅडम, शुक्रवार पाचच ना?"

"पाचच. आता जी दाब."

ती वर गेली. मी खुर्ची ओढून बसले. ती वाचत होती, स्पेसबारचा आवाज मधूनमधून येत होता. मग तो थांबला, तर्जनी के या कळेवर गेली आणि ती दोन ओळी वर आली.

"मॅडम, इथे 'किंवा' आहे. मग दोन्ही एकाच ओळीत होईल की!"