इथं काहीच नव्हतं!

लासूर आणि लासूर स्टेशन ही दोन वेगळी ठिकाणं आहेत, हे बाहेरच्या माणसाला समजावून सांगावं लागतं. लासूर जुनं, शिवना नदीकाठचं, दाक्षायणी देवीचं. स्टेशन मात्र रुळांचं लेकरू. मनमाडहून औरंगाबादमार्गे (आताचं छत्रपती संभाजीनगर) सिकंदराबादकडे जाणारी निजामाची मीटरगेज लाइन १९०० च्या सुमारास सुरू झाली आणि रुळांच्या कडेला वस्ती धरू लागली. अडत दुकानं, हमाल, मापाडी, चहावाले... आज कांद्याच्या भावात 'लासूर स्टेशन' असं नाव येतं ना, ते हे!

आमचं घर या वस्तीतल्या सुरुवातीच्या घरांपैकी एक. छप्पनच्या दुष्काळात, म्हणजे १८९९-१९०० मध्ये, पणजोबा गाव सोडून खडी फोडायला या लाइनवर आले आणि पुढे गँगमध्ये लागले. पणजी गँगच्या माणसांना भाकरी करून घालायची. घरात ही गोष्ट कुणीही सांगो, सुरुवात ठरलेली असते. "तेव्हा इथं काहीच नव्हतं, नुसतं माळरान!"

हे वाक्य ऐकलं की मला हल्ली अमेरिकेतलं एक कुटुंब आठवतं. लॉरा इंगल्स वाइल्डरच्या पुस्तकांतलं, म्हणजे तिचं स्वतःचंच. तिचे वडील चार्ल्स इंगल्स १८७९ मध्ये डाकोटात रेल्वेच्या कामावर हिशेबनीस म्हणून गेले. त्या हिवाळ्यात हे कुटुंब रेल्वेच्या मोजणीदारांच्या घरात राहिलं. १८८० मध्ये तिथं डी स्मेट नावाचं गाव आखलं गेलं आणि इंगल्स तिथलं एक पहिलं कुटुंब ठरलं. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर मिळायचे, अट एवढीच की पाच वर्षं राहून जमीन कसायची. पुढच्याच हिवाळ्यात बर्फामुळे गाड्या कित्येक महिने बंद पडल्या आणि गावाची उपासमार व्हायची वेळ आली. एकट्याच्या हिमतीवर उभं राहिलेलं गाव म्हणायचं, पण गाडी थांबली की चूल थांबते! स्टेशनवर वाढलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

आमच्या पणजोबांना कुणी १६० एकर दिले नाहीत, हा फरक आहेच. पण मला महत्त्वाची वाटते ती दुसरीच गोष्ट.

डाकोटाच्या आधी, १८६९ ते १८७१ च्या दरम्यान, हे कुटुंब कॅन्ससमध्ये राहून आलं होतं. ती जमीन ओसेज लोकांची होती. १९३५ साली आलेल्या 'लिटल हाउस ऑन द प्रेअरी'च्या सुरुवातीला त्या मुलखाचं वर्णन असं होतं, की तिथं माणसं नव्हतीच, फक्त इंडियन होते. १९५२ मध्ये एका वाचकाने प्रकाशकाला पत्र लिहून विचारलं, की इंडियन म्हणजे माणसं नव्हेत का? पुढच्या आवृत्तीत 'माणसं' काढून तिथं 'वसाहत करणारे' हा अर्थाचा शब्द घातला गेला. एक शब्द बदलायला सतरा-अठरा वर्षं लागली! आणि ओसेज लोक? ते कधीच आपली जमीन सोडून दक्षिणेला गेले होते.

आपल्याकडे तसं कुणाला हाकललं गेलं नाही, तुलना फार ताणायची नाही. पण 'काहीच नव्हतं' हे वाक्य मात्र तेच आहे. माळरान कुणाच्या तरी गुरांचं होतं. पलीकडे लासूर नांदतं होतं. आणि आमच्याच घरात आजी एक गोष्ट सांगायची, जी मोठ्या गोष्टीत कधी येत नाही. पणजीचं पहिलं बाळंतपण अडलं तेव्हा रात्री गावातून सुईण आली. दोन दिवस राहिली, बाळ-बाळंतीण सुखरूप केली आणि लुगडंसुद्धा न घेता गेली. लॉराच्या घराला हिवतापातून वाचवणारा डॉक्टर टॅन हा काळा डॉक्टर निदान पुस्तकात नावानिशी आला. आमच्या सुईणीचं नाव मात्र घरात कुणालाच माहीत नाही.

आता पुतण्याच्या मुलीला शाळेत 'माझे घराणे' असं काहीतरी लिहायचंय. तिला सांगितलं, खुशाल लिही की वस्तीतलं एक पहिलं घर आपलं. पण सुरुवात सुईणीपासून कर.

नाव शोधतोय. लासुरातल्या दोन म्हाताऱ्या बायकांना विचारून झालं. तिसरीकडे रविवारी जाणार आहे.