सहस्रकुंडाची सहल

सहलीचे वर्णन लिहिताना निघण्याची वेळ, वाहन व शिदोरी यांपासून आरंभ करण्याचा प्रघात आहे. परंतु आमच्या या सहलीचा आरंभ मोटारीत झाला नाही. तो वर्गात झाला, आणि तोही आमच्याच एका चुकीने झाला.

गेल्या श्रावणात आम्ही नववीच्या वर्गास बेटांचा पाठ सांगत होतो. कोरियाच्या दक्षिणेस समुद्रात जेजू नावाचे बेट आहे. ते ज्वालामुखीच्या उद्रेकांतून घडले. मध्यभागी हल्लासान हा १,९४७ मीटर उंचीचा पर्वत, जमिनीखाली तप्त शिलारसाच्या ओघाने निर्माण झालेली मैलोगणती विवरे, समुद्रकाठी काळ्या षट्कोनी खांबांच्या रांगा आणि कड्यांवरून कोसळणारे धबधबे असा तेथला थाट आहे. २००७ साली या बेटाच्या काही भागांस जागतिक वारशाचा मान मिळाला. आम्ही चित्रे फिरविली. शेवटचे चित्र तेथील दगडी मूर्तीचे होते. बटबटीत डोळे, भले मोठे नाक, पोटावर हात आणि डोक्यावर टोपी, अशा या मूर्तींस तेथील लोक ‘दगडी आजोबा’ म्हणतात. चित्रे परत गोळा करताना आम्ही सहज बोलून गेलो, “आपल्या ढाणकीच्या सपाट काळ्या रानात असले काही पाहावयास मिळणे नाही.”

तोच मागच्या बाकावरून एक मुलगा उठला व म्हणाला, “सर, हा तर आमच्या अंगणातला दगड हाय.”

वर्ग हसला. खेदाची गोष्ट ही की, आम्हीही हसलो आणि त्यास “बैस” म्हणालो. त्यानंतर कित्येक दिवस त्या मुलाने हात वर केला नाही.

मुलगा पाथरवटाचा. पाटे, वरवंटे, खलबत्ते घडविणाऱ्या घरातला. त्याचे वाक्य आमच्या मनातून जाईना, म्हणून आम्ही भूगर्भशास्त्राची पुस्तके उघडली. पदवीच्या परीक्षेपुरते वाचून मागे टाकलेले ते ज्ञान! सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी या दख्खनच्या भूमीस भेगा पडून त्यांतून शिलारस वाहू लागला. शिखरावर धूर काढणारा एखादा पर्वत नव्हे, तर जमीनच फाटली होती. एक लोंढा थिजावा, त्यावर दुसरा यावा, असे थरावर थर साचले. सह्याद्रीकडे त्यांची जाडी दोन किलोमीटरांहून अधिक भरते. आमच्या बाजूस, पूर्वेकडील कडेस, ते पातळ होत जातात. आज उरलेला विस्तारही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर आहे. जेजू बेट १,८५० चौरस किलोमीटरांच्या आसपास. म्हणजे तशी अडीचशेहून अधिक बेटे या खडकावर मावतील! ज्या काळ्या मातीत आमचा कापूस पिकतो, ती याच खडकाची झीज होय. तसल्या खांबांचे म्हणाल, तर मुंबईस अंधेरीची गिल्बर्ट टेकडी त्यांचीच बनलेली आहे, आणि आमच्याच यवतमाळ जिल्ह्यात शिबला गावाजवळ असे खांब आढळल्याचे वृत्त २०२१ साली प्रसिद्ध झाले होते. ते आम्ही वाचलेही होते. पण वाचून विसरलो होतो.

तेव्हा सहल ठरविली ती सहस्रकुंडाची. वर्गणी देणाऱ्यांच्या यादीत त्या मुलाचे नाव नव्हते. आम्ही त्याच्या घरी गेलो. वडील अंगणात पाट्यास टाकी लावीत बसले होते. त्यांनी मोकळेपणाने सांगितले, की आता घरोघरी विजेची यंत्रे आल्यामुळे पाटा कोणी घेत नाही. उन्हाळ्यानंतर ते खडी फोडण्याच्या कामावर दूर जाणार आणि मुलासही नेणार. “नववी झाली म्हंजे पुष्कळ झालं, सर.” आम्ही वाद घातला नाही. पिशवीतून त्या ‘आजोबां’चे चित्र काढून त्यांच्या हाती दिले. त्यांनी ते उन्हात धरून बराच वेळ न्याहाळले व म्हणाले, “भोकाचा दगड हाय हा. याले बारीक टाकी सोसत नाई, फुटते. म्हून तं नाक एवढं मोठं ठेवलं.” आम्ही त्या मूर्तीविषयी जे वाचले होते त्यात हे कोठेही नव्हते. आम्ही त्यांस मुलासह सहलीस येण्याची विनंती केली. एक दिवसाचा खाडा होईल असे म्हणून ते थांबले, मग “येतो” म्हणाले.

ऑक्टोबरातील एका शनिवारी प्रार्थना करून आम्ही पहाटे निघालो. बिटरगाव मागे पडले आणि बंदी भागातील सागाचे रान लागले. मुलांनी गाण्यांच्या भेंड्यांनी मोटार दणाणून सोडली, ते येथे विस्ताराने सांगत नाही.

पैनगंगा बुलढाणा जिल्ह्यात उगम पावते आणि पुढे वर्धेस जाऊन मिळते. वाटेत यवतमाळ व नांदेड जिल्ह्यांच्या सीमेवर तिचे पात्र एकाएकी तुटते, तेच सहस्रकुंड. अलीकडचा तीर एके काळी वऱ्हाडात आणि पलीकडचा इस्लापूरचा तीर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. पाण्याला त्याची दाद नव्हती. वरच्या अंगास इसापूरचे धरण झाल्यापासून ओघ धरणाच्या मर्जीवर असतो, पण त्या दिवशी पाणी भरपूर होते. प्रथम कानांनी ते ऐकिले, मग तुषार अंगावर आले आणि मग दिसला तो काळाभोर, लोखंडासारखा खडक व त्यावरून फुटून पडणाऱ्या पांढऱ्या धारा. ओला खडक फार फसवा असतो. म्हणून आम्ही काठापासून दूर दोर बांधून, त्यापुढे एकानेही पाऊल टाकू नये अशी सक्त ताकीद दिली होती. काही मुले रुसली. रुसोत बापडी.

दोराच्या अलीकडच्या धोंड्यांतच आमचे खरे काम होते. आम्ही वर्गास गोळा केले आणि त्या श्रावणातल्या दिवशी चूक कोणाची होती ते सर्वांसमोर सांगितले. मुलगा खाली पाहत राहिला. मग आम्ही त्यास म्हणालो, “बाळ, आता तू सांग.” त्याने वडिलांकडे पाहिले. वडिलांनी हातोडी पुढे केली.

त्याने एका धोंड्यावर ठोका दिला. नाद घंटेसारखा आला. “हा घन दगड. याचा पाटा होते.” दुसऱ्यावर ठोका दिला, नाद बद्द आला. “हा भोकाचा. याचा नाई होत.” दोन्ही एकाच जातीचे कसे, हे सांगण्याची पाळी आमची आली. शिलारस थिजताना आतील वायूचे बुडबुडे वर चढतात, म्हणून लोंढ्याचा माथा सच्छिद्र व पोट घन होते. पुढे लक्षावधी वर्षे झिरपणाऱ्या पाण्याने त्या छिद्रांत पांढरे खनिज भरले. पाथरवट नुसत्या कानाने ओळखतो तो हाच फरक. मग तर एकच झुंबड उडाली! हातोडी हातोहात फिरू लागली. जो तो धोंड्यास कान लावून नाद ऐके आणि निकाल मागावयास त्या मुलाकडे धावे. शिदोरी सोडण्याचीही कोणास शुद्ध राहिली नाही.

परतताना मुलाचे वडील आमच्या शेजारी बसले होते. बिटरगाव येईपर्यंत ते काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, “दगडाचं शिक्षण कुठवर असते, सर?” आम्ही सांगितले की, दहावी, मग बारावी, मग भूगर्भशास्त्राची पदवी. त्यांनी बोटांवर वर्षे मोजली. सहा भरली. मागच्या बाकावर मुलगा पांढऱ्या ठिपक्यांचा दगड मांडीवर घेऊन झोपी गेला होता. त्याच्याकडे एकवार वळून पाहून ते म्हणाले, “लई होतात. पाहू.”

तो दगड आता वर्गाच्या टेबलावर आहे. उन्हाळा लागण्यापूर्वी आम्ही पुन्हा एकदा त्यांच्या अंगणात जाऊन येणार आहो.