आधी घोड्याचे, मग आपले

मे महिन्याची सुट्टी जवळ आली की शाळेच्या फाटकापाशी पालक हमखास एक प्रश्न विचारतात, "सुट्टीत मुलांना कशात गुंतवावे?" आम्ही ठरलेली उत्तरे देतो: वाचन करून घ्या, नानीकडे पाठवा, मकतबमधली उजळणी करून घ्या. यंदा हाच प्रश्न आमच्या घरात उभा राहिला. दहा वर्षांची धाकटी आणि तिच्याकडे सुट्टीला आलेला आमचा बारा वर्षांचा भाचा, दोघेही दिवसभर मोबाइलला चिकटलेले. एका सहकाऱ्याने कर्जतकडच्या घोडेस्वारीच्या शिबिराविषयी सांगितले. फी ऐकून आम्ही आधी नाहीच म्हणालो. मग बकरी ईदनंतर घ्यायचे कपाट पुढे ढकलले आणि पाच दिवसांसाठी दोन्ही मुलांची नावे घातली.

कर्जत लोकलने सहज गाठता येते. स्टेशनाबाहेर ठाकर, कातकरी बाया करवंदे, जांभळे आणि आंबे घेऊन बसलेल्या असतात. इथून एक फाटा पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी अशी छोटी स्टेशने घेत खोपोलीला, म्हणजे खालापूर तालुक्यात जातो. दुसरा बोर घाट चढून पुण्याकडे. या घाटात १८३० मध्ये गाडीरस्ता झाला, १८६३ मध्ये रेल्वे आली. त्याआधी कोकणातला माल बैलांच्या आणि तट्टूंच्या पाठीवरूनच वर चढायचा. आज याच पट्ट्यात फार्महाउसांच्या पाट्या दिसतात आणि त्यातल्या काहींवर घोड्याचे चित्र असते. आमचे शिबिर अशाच एका शेतावर होते. भातखाचरे कोरडी पडलेली, बांधावर आंब्याची झाडे, मागे डोंगराची निळी भिंत. सहा घोडे, बारा मुले. आम्ही जवळच्या वस्तीत एक खोली घेतली होती, त्यामुळे दिवसाचा बराच वेळ तबेल्याजवळ बसून पाहता आले.

पहिल्या दिवशी मुले बूट घालून तयार झाली. पण त्या दिवशी एकालाही घोड्यावर बसवले नाही. घोड्यांची देखभाल करणारे मोतद्दार साठीच्या घरातले. सगळी मुले त्यांना मामा म्हणत. मामांनी प्रत्येकाच्या हातात फावडे नाहीतर बादली दिली आणि एवढेच सांगितले, "आधी घोड्याचं, मग आपलं."

पहाटे लीद काढायची, ओले गवत बाजूला करायचे, चारा टाकायचा, पाणी भरायचे आणि मगच स्वतःचा नाश्ता. फजर पढून पुन्हा अंथरुणात शिरण्याची सवय असलेल्या आमच्या भाच्याला हे जड गेले. पण घोडा सुट्टी पाळत नाही. साधारण ४०० किलोच्या घोड्याला दिवसाला आठ किलोच्या आसपास कोरडा चारा लागतो आणि २५ ते ४० लिटर पाणी, मे महिन्यात त्याहून जास्त. १५ लिटरची बादली किती वेळा उचलावी लागेल, हे गणित मुलांनी त्या दिवशी वहीत नाही, हातांनी सोडवले.

मग खरारा. लोखंडी खराऱ्याने धूळ आणि सुटलेले केस काढायचे, त्यावर मऊ ब्रश फिरवायचा. खोगिराखाली एखादा खडा किंवा वाळलेली काडी राहिली तर पाठीला जखम होते, म्हणून पाठीवरून तळहात फिरवून खात्री करायची. नंतर खूर. एकेक पाय उचलून आकडीने माती, दगड काढायचे, पण तळाशी मधोमध असलेला मऊ त्रिकोणी भाग दुखवायचा नाही. इमाम मालिक यांच्या 'मुवत्ता'मध्ये एक रिवायत आहे. पैगंबर हजरत मुहम्मद (स.) आपल्या घोड्याचा चेहरा स्वतःच्या चादरीने पुसताना दिसले. लोकांनी विचारले तेव्हा त्यांनी सांगितले, की रात्री घोड्यांच्या बाबतीत आपल्याला समज देण्यात आली. आम्ही ही रिवायत वर्गात अनेकदा सांगितली आहे. तिचा अर्थ आमच्या धाकटीला त्या तबेल्यात कळला असावा. दुसऱ्या दिवशी ती आपल्या रुमालाने घोड्याच्या डोळ्यांच्या कडा पुसत होती.

आम्हाला आणखी एका गोष्टीची मौज वाटली. लगाम, रिकीब, जीन, तंग, नाल हे सगळे शब्द मामांच्या तोंडी मराठी होते आणि आमच्या उर्दूच्या पुस्तकातही तेच आहेत. 'खोगीर' मूळ फारसीतले, घाम टिपून घेणारे. घोड्याच्या पाठीवरून आलेल्या या शब्दांना कोणी परके म्हणत नाही. मुलांना उर्दू आणि मराठी वेगळ्या कपाटांत ठेवायची सवय लागली आहे. इथे दोन्ही एकाच खुंटीवर टांगलेल्या दिसल्या.

धाकटी सुरुवातीला फार घाबरली होती. मामांनी तिला समजावले, की घोडाही घाबरतो. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, म्हणून त्याला थेट मागचे आणि अगदी नाकासमोरचे दिसत नाही. मागून गेले तर तो दचकून लाथ मारतो. आवाज देत, डाव्या खांद्याच्या बाजूने जायचे, आधी मानेवर हात ठेवायचा. "तू घाबरलीस की त्याला कळतं. तू शांत झालीस की तेही कळतं." शाळेत आम्ही मुलांना 'घाबरू नका' असे सांगतो. समोरचाही घाबरलेला असू शकतो, हे सांगायचे राहून जाते.

तिसऱ्या दिवशी जे झाले ते आम्ही अजून विसरलो नाही. दुपारी दोनला 'बादल' नावाच्या घोड्याला पाणी देण्याची पाळी भाच्याची होती. तो कॅरममध्ये रमला. चारच्या सुमारास मामांनी विचारले, "पाणी दिलंस?" तो म्हणाला, "दिलं." मामा काही न बोलता त्याला बादलीकडे घेऊन गेले. बादली ठणठणीत कोरडी, तळाशी एक वाळके पान. मामांनी बादलच्या मानेची कातडी चिमटीत धरून सोडली. ती लगेच सपाट झाली नाही. पाणी कमी पडल्याची ही खूण. "घोड्याला उलटी करता येत नाही. पोटात चारा कोरडा अडकला की पोटशूळ उठतो, त्यात घोडा जातोसुद्धा," मामा म्हणाले, "तो सांगू शकत नाही. म्हणून तुला विचारलं."

बस्स, एवढेच. ओरडणे नाही, कान धरणे नाही. भाच्याने पाणी आणले. बादलने मान वर न करता ते संपवले आणि दुसऱ्या बादलीकडे वळला.

मगरिबनंतर भाचा आमच्याजवळ येऊन बसला. जेवला नव्हता. म्हणाला, "मी खोटं बोललो. माफी कोणाची मागू? मामांची की बादलची?" इतकी वर्षे शिकवूनही आमच्याकडे याचे तयार उत्तर नव्हते. मग आम्ही त्याला अबू दाऊदमधील उंटाची हदीस सांगितली. पैगंबर (स.) एका अन्सारी सहाबींच्या बागेत गेले. तिथल्या उंटाने त्यांना पाहिले आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. पैगंबरांनी (स.) त्याला गोंजारून शांत केले, मालकाला बोलावले आणि ज्या जनावराचा मालक अल्लाहने तुला केले त्याच्या बाबतीत अल्लाहचे भय बाळग, अशी ताकीद दिली. तो उंट उपाशी राहत होता आणि त्याच्यावर फार बोजा पडत होता. भाचा बराच वेळ गप्प राहिला. दुसऱ्या दिवशी पहाटे तो मामांच्याही आधी तबेल्यात गेला. मामा आल्यावर त्याने सगळे कबूल केले. मामा म्हणाले, "बरं. आता खूर उचल."

सूरह आदियात या मुलाला मकतबपासून पाठ आहे. धावणाऱ्या घोड्यांची शपथ आणि मग माणूस आपल्या रबचा नाशुक्रा आहे, असा त्या सूरहचा विषय. काही मुफस्सिरांनी यातला संबंध असा उलगडला आहे, की घोड्याला मालक फक्त चारापाणी देतो, तरी घोडा त्याच्यासाठी जीव धोक्यात घालतो, आणि माणूस मात्र सगळे देणाऱ्यालाच विसरतो. शब्द मुलाला पाठ होते. घोडा त्याने पहिल्यांदाच पाहिला होता.

स्वारीही अर्थातच झाली. डोक्यावर हेल्मेट, डावीकडून चढायचे, टाचा खाली, नजर पुढे. आधी नुसती चाल, मग दुडकी, आणि तिच्या ठेक्यावर रिकिबीत उठणे-बसणे. पाच दिवसांत कोणी भरधाव घोडा पिटाळला नाही आणि ते योग्यच होते. सहीह बुखारीत शर्यतींचा उल्लेख आहे. तयार केलेल्या घोड्यांसाठी पैगंबरांनी (स.) लांबचे अंतर ठरवले होते आणि तयार न केलेल्यांसाठी जवळचे. हजरत अब्दुल्लाह इब्न उमर (रजि.) त्यांत स्वतः उतरले होते. प्रत्येकाला त्याच्या तयारीएवढेच अंतर, हा धडा आम्हा शिक्षकांनाही लागू आहे.

शिबिर संपले त्या दिवशी मुलांना माथेरान दाखवले. तेही कर्जत तालुक्यातच. पायथ्याच्या नेरळपासून वर जाणारी दोन फुटी रुळांची छोटी रेल्वे सर आदमजी पीरभॉय यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी बांधली. १९०४ मध्ये काम सुरू झाले, १९०७ मध्ये गाडी धावली आणि सोळा लाख रुपये खर्च आला. एका बोहरा कुटुंबाची ही कामगिरी आपल्या मुलांना माहीत असायला हवी. माथेरानात खासगी मोटारी दस्तुरीच्या नाक्यावरच थांबतात. पुढे पायी, छोट्या रेल्वेने, रिक्षाने किंवा घोड्यावर.

दस्तुरीला आम्ही दोन घोडे ठरवत होतो. सलाम-दुआ झाली. पन्नाशीचे घोडेवाले भाईजान एक घोडा पुढे आणत होते, तेवढ्यात भाचा हळूच म्हणाला, "हा पुढचा डावा पाय नीट टेकत नाही." भाईजान थबकले. खाली बसले, पाय उचलून पाहिला, खुरावर हात ठेवला. "बेटा, बरोबर बोललास. सकाळपासून मलाही शंका होती. आज हा चालणार नाही." घोड्याची जीन उतरवून त्यांनी आम्हाला शेजारच्या घोडेवाल्याकडे पाठवले. मे महिन्यातला रविवार होता, गिऱ्हाईक रांगेत उभे होते. आम्ही नुकसानीचे बोललो तर म्हणाले, "सीझन दोन महिन्यांचा, घोडा बारा महिन्यांचा."

सोबत चालताना शेजारचे घोडेवाले आणखी काही सांगत राहिले. रस्त्यावर बसवलेल्या पेव्हर ब्लॉकवरून टापा घसरतात. २०२२ च्या अखेरीस ई-रिक्षा आल्या, त्यामुळे धंद्याची धास्ती वाटते. दुसरी बाजूही खरी आहे. हाताने ओढायच्या रिक्षातून माणसाची सुटका व्हायलाच हवी होती. मग त्यांनी आमच्या मुलांकडे पाहून विचारले, "घोड्याचं शिकायला पैसे भरले? आमची पोरं तर सुट्टीभर हेच करतात." ते हसून बोलले, पण आम्हाला ते लागले. जी जबाबदारी आमची मुले पाच दिवस विकत घेऊन शिकली, ती त्यांच्या मुलांच्या अंगावर जन्मापासून आहे आणि त्याचे प्रमाणपत्र त्यांना कोणी देत नाही.

मुलांना अशा शिबिराला पाठवणार असाल तर आधी स्वतः जाऊन घोडे पाहा. बरगड्या दिसतात का, पाठीवर जखमा आहेत का, भर दुपारी घोड्यांना सावलीत विश्रांती मिळते का? जिथे घोड्याची काळजी घेत नाहीत तिथे मुलाची घेतील, हा भरवसा ठेवू नका. प्रत्येक मुलाला मापाचे हेल्मेट आहे का, एका घोड्यामागे मुले किती, जवळ दवाखाना कुठे, हे विचारा. मुलींना सैल पण न लोंबणारे कपडे द्या. स्कार्फ घट्ट बांधून हेल्मेटखाली जावा, ओढणी मोकळी नको. नमाजच्या वेळा आधीच सांगून ठेवा. आमच्याकडे कोणीही अडचण केली नाही.

आणि फी परवडत नसेल तर मन खट्टू करू नका. ईदच्या आधी दारात बांधलेला बकरा, अंगणातल्या कोंबड्या, जिन्याखाली व्यालेली मांजर यांच्यातल्या एकाचे पाणी पूर्णपणे मुलाकडे सोपवा. मधे पडू नका, पण बादली मात्र रोज पाहा.

परतीच्या लोकलमध्ये धाकटी झोपली. भाचा खिडकीशी बसून होता. बदलापूर गेल्यावर त्याने विचारले, "आता बादलला पाणी कोण देत असेल?" आम्ही म्हणालो, "मामा देत असतील." त्याने घड्याळ पाहिले आणि मान हलवली. मोबाइल त्याने मागितला नाही, असे मात्र नाही. ठाण्याला मागितलाच.