काकांनी बदलू न दिलेली नोंद

गेल्या महिन्यात आमच्या वस्तीतले जमादारकाका वयाच्या ७६ व्या वर्षी कालकथित झाले. पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारात पाय ठेवायला जागा नव्हती. त्रिशरण-पंचशील झाले, भाषणे झाली. कोणी शिस्तप्रिय म्हणाले, कोणी प्रामाणिक. मलाही दोन शब्द बोलायला सांगितले. मी उठलो, पण घसा दाटून आला आणि तसाच खाली बसलो. त्या दिवशी बोलायचे राहिले ते आज लिहितो आहे. त्यात माझी एक चूक आहे आणि ती चारचौघांत कबूल करायची राहून गेली आहे.

आमचे गाव सोलापूर जिल्ह्यातले, तालुक्याचे. काकांचे वडील त्यांच्या खेड्यात वेसकर होते. वेशीवर रात्रभर राखण, सरकारी टपाल दुसऱ्या गावी पोचवणे, चोराचा माग काढणे, बेवारस प्रेताजवळ बसून राहणे, ही सारी कामे महार वतनात येत. म्हणजे गावच्या पोलिसाचे निम्मे काम बाप करीत होता, पण चावडीची पायरी त्याला चढता येत नव्हती. हे वतन मोडावे म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कौन्सिलात बिल आणले होते. त्याच साली सायमन कमिशनला दिलेल्या निवेदनात त्यांनी आपल्या लोकांसाठी सैन्यात, आरमारात आणि पोलिसांत भरतीचा हक्क मागितला. वतन गेले ते १९५८ च्या कायद्याने. काका तेव्हा नऊ वर्षांचे होते. १९६९ साली ते शिपाई म्हणून भरती झाले. खाकी हाफ पँट आणि कमरेला बक्कल नंबरचा पट्टा घालून मुलगा घरी आला, तेव्हा म्हातारा काहीच बोलला नाही. त्याने नुसता पट्ट्यावरून हात फिरवला. काका ही गोष्ट सांगताना दर वेळी इथे थांबत.

मला आठवतात ते १९९० नंतरचे काका. तेव्हा ते हवालदार होते, पण वस्तीत सगळे जमादारच म्हणत. रविवारी दारात बसून काकू चिंचेने आणि राखेने त्यांचे बक्कल घासत आणि आम्ही पोरे त्यात तोंड बघायला धडपडत असू. काकांचा धाक मोठा होता. हातभट्टीवर धाड पडली की आपल्याच वस्तीतल्या माणसांना ते काठीने मारीत. त्यामुळे वस्तीत त्यांच्याबद्दल दोन मते होती. बायकांना ते हवेसे वाटत, बाप्यांना नकोसे. ठाण्यातही ते 'त्यांच्यातले' म्हणून वेगळेच पडत. दोन्हीकडे परके असलेला असा माणूस कसा जगत असेल, हा विचार तेव्हा माझ्या मनात आला नाही.

२९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. नोव्हेंबरात महाराष्ट्रभर मोर्चे निघाले, तसा आमच्या तालुक्यालाही निघाला. मी नुकताच नोकरीला लागलो होतो आणि तरुण मंडळाचा सेक्रेटरी होतो. तहसील कचेरीच्या फाटकावर बंदोबस्ताला काका उभे होते. त्यांनी आम्हाला हाताने अडवले तसा मी सर्वांदेखत ओरडलो, "काका, खाकी चढवली की रक्त थंड होतं का?" मागून हशा झाला, शिट्ट्या वाजल्या. काकांनी माझ्याकडे एकदा पाहिले, पण उत्तर दिले नाही. संध्याकाळी मी घराकडे परतताना त्यांनी हाक मारली. मला वाटले, आता बोलणी बसणार. ते म्हणाले, "निवेदन दिलंस ना? मग त्याची पोच घेतलीस का?" मी घेतली नव्हती. "उद्या जाऊन घे. शिक्का आणि तारीख बघून घे," एवढेच बोलून ते आत गेले.

पुढच्या वर्षी ते सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाले. पेन्शनचे कागद बघायला त्यांनी मलाच बोलावले. मी बी.कॉम., त्यात कारकून. आकड्यांचे काम म्हणून गेलो. त्यांच्या दुय्यम सेवापुस्तकाची पाने उलटताना एका नोंदीवर बोट थांबले. वरिष्ठांच्या आदेशाचे पालन केले नाही म्हणून एक वार्षिक वेतनवाढ रोखली होती, तीही पुढच्या वेतनवाढींवर परिणाम होईल अशी. अशा शिक्षेचा अर्थ कारकुनाला लगेच कळतो. त्या दिवसापासून दरमहा पगार कमी आणि शेवटी पेन्शनही कमी. मी विचारले, "काका, हे काय?"

बराच वेळ ते गप्प होते. आतून काकूच म्हणाल्या, "सांगा की त्याला. आता कशाला लपवता?"

गोष्ट १९९३ सालची. काका रात्री ठाणे अंमलदार होते. एका खेड्यातली मातंग समाजाची बाई डोके फुटलेल्या अवस्थेत आली. हापशावर आधी घागर लावली म्हणून तिला जातीवरून शिव्या देऊन मारले होते. अत्याचार प्रतिबंधक कायदा ३० जानेवारी १९९० पासून लागू झालेला होता. काकांनी तिला पाणी दिले, बाकावर बसवले आणि तिच्या तोंडचे शब्द जसेच्या तसे लिहून घेऊन त्याच कायद्याखाली गुन्हा नोंदवला. सकाळी वरिष्ठ आले. पाण्यावरून बायकांची भांडणे व्हायचीच, स्टेशन डायरीतले पान बदला आणि अदखलपात्र म्हणून नोंद घ्या, असे त्यांनी सांगितले. काका म्हणाले, "साहेब, पानांवर छापील नंबर आहेत. पान बदलता येणार नाही."

वेतनवाढ गेली ती त्या वाक्यापायी. वस्तीतही काही शहाणे म्हणाले होते, "ती काय आपल्यातली होती? कशाला अंगावर घेतलंत?" पुढे खटल्यात साक्षीदार फिरले आणि आरोपी सुटले. मी चिडून विचारले, "मग मिळवलंत काय?" काका म्हणाले, "निकाल माझ्या हातात नव्हता रे. नोंद होती, ती केली. ती बाई आली तेव्हा दार उघडं होतं, एवढं तरी तिला म्हणता येईल."

मोर्चाच्या दिवसाची माफी मी तेव्हा मागायला हवी होती. मी मान खाली घालून बेरजा करीत राहिलो.

निवृत्तीनंतर काका रोज संध्याकाळी विहाराच्या ओट्यावर बसू लागले. कोणाचीही तक्रार लिहून देत, मग तो कोणत्याही जातीचा असो. पैसे घेत नसत. तारीख, वेळ, ठिकाण, कोण काय बोलले ते त्याच शब्दांत, कोणी पाहिले, फिर्यादीची जात आणि आरोपीची जात, हे सारे ते लिहायला लावीत. फिर्यादीची प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय ठाण्यातून उठू नका, हे त्यांचे पालुपद होते. ठाण्याने फिर्याद घेतली नाही, तर ते जिल्हा पोलीस अधीक्षकांना टपालाने अर्ज पाठवायला लावीत. १ जुलै २०२४ रोजी नवा कायदा आला, तेव्हा पंच्याहत्तरीच्या काकांनी मला बोलावून वहीतला कलम १५४ चा आकडा खोडला आणि थरथरत्या हाताने १७३ लिहिला.

एकदा ओट्यावर बसले असता ते आपणहून म्हणाले, "धाडीत मी लोकांना मारलं. मारायचा अधिकार मला कुठल्या कायद्यानं दिला नव्हता. त्याची नोंद कुठंच नाही बघ." मला तेव्हा काय बोलावे ते सुचले नाही.

बंधू-भगिनींनो, पुण्यानुमोदनानंतर काकूंनी ती वही माझ्या हातात दिली. आता दर रविवारी सकाळी विहारात आम्ही तक्रार कशी लिहावी याचा वर्ग घेतो. पहिल्या रविवारी अकरा जण आले, त्यांत सात बाया होत्या. आपल्या गावच्या विहारातही असे एखादे लिहिणारे माणूस बसावे, अशी माझी विनंती आहे. फार शिकलेले असायला हवे असे नाही, ऐकलेले तसेच्या तसे लिहिणारे असावे.

आणि काका, त्या दिवशी फाटकावर मी जे बोललो ते चूक होते. उशिरा का होईना, त्याची ही माझ्या हातची नोंद.

जयभीम.