पेटलेली लाईट

ब्रेक पॅडची लाईट पेटली की गिऱ्हाइकाचं पहिलं बोलणं ठरलेलं असतं, ‘‘मिस्त्री, तेवढी लाईट घालवा की.’’ घालवणं अवघड नसतं. सेन्सरच्या दोन तारा सोलून एकमेकींना पिळल्या, वर टेप मारली की डॅशबोर्ड कायमचा गप्प. मी हा जॉइंट मारत नाही.

गारगोटीत माझ्याकडे येतात त्या बहुतेक पिकअप, जीपा, जुन्या मारुती. त्यांना ही लाईटच नसते. पॅड संपला की त्यावरची पत्र्याची पट्टी डिस्कला घासून किंचाळते आणि सगळ्या बाजारपेठेला कळतं. पण गणपतीला पुण्याहून गावी आलेल्या एकानं जुनी दोन सीटांची बीएमडब्ल्यू झेड-थ्री आणली. मुदाळ तिट्ट्याच्या अलीकडं लाईट पेटली म्हणाला : मधे गोल, दोन्ही बाजूंना तुटक कंस.

या गाडीत पॅडच्या पोटात तारेचा वेढा असतो. पॅड झिजून तीनेक मिलिमीटरवर आला की डिस्क ती तार कापते, सर्किट तुटतं, लाईट लागते. तार कशानंही तुटो, डिस्कनं, उसाच्या फडातून आलेल्या उंदरानं किंवा गंजानं, लाईट लागणारच. ज्यानं हे योजलं त्याच्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो. जुन्या मर्सिडीजमध्ये उलटं आहे. तिथं एकच तार, ती डिस्कला टेकून अर्थ मिळाला की लाईट. वाटेत तार तुटली तर पॅड संपला तरी कोण सांगणार?

सेन्सर दोनच : पुढच्या डाव्या आणि मागच्या उजव्या चाकाला. पुढचा मीटरला लावला तर बीप वाजली. मागच्याचं सॉकेट उघडलं. आत लाल मातीचा रेंदा आणि पिना जुन्या तांब्याच्या भांड्यासारख्या कळकलेल्या. दोन्ही पॅड जाड, सेन्सर शाबूत. पिना घासून साफ केल्या, सॉकेट बसवलं, चावी फिरवली. थोड्या वेळानं लाईट विझली.

मालक गाडीत बसायलाही निघाले. मी म्हटलं, ‘‘दादा, चारही चाकं काढल्याशिवाय गाडी सोडत नाही.’’

पुढचं उजवं चाक उतरवलं. बाहेरचा पॅड चांगला, आतला मात्र पत्र्याला टेकायच्या बेतात. कॅलिपरची गाइड पिन गंजून जाम झाली होती. पिस्टन आतल्याच पॅडला दाबतो. पिनेवर कॅलिपर सरकला तरच बाहेरचा पॅड कामाला लागतो. तो सरकत नव्हता, म्हणून सगळी झीज एकट्या आतल्या पॅडवर. आणि या चाकाला सेन्सरच नाही. लाईट लागली ती मागच्या कळकलेल्या पिनांमुळं, पण तिच्यामुळंच हे चाक उघडलं गेलं. हे गृहस्थ दुसऱ्या दिवशी फोंडा घाटानं कणकवलीला उतरणार होते.

पिन साफ केली, पॅड दोन्ही बाजूंचे बदलले. एकाच बाजूचे टाकले तर ब्रेक मारताना गाडी ओढते. ब्रेक ऑइल काळं पडलेलं, तेही काढलं. डॉट-४ ऑइल नवं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण हवेतली ओल पिऊन ती हद्द १५५ पर्यंत उतरू शकते. घाटात उतरताना डिस्क तापली, ऑइल उकळलं की पेडल थेट तळाला.

पैसे घेताना त्यांच्या सर्व्हिस बुकात मोठ्या अक्षरात लिहून दिलं : पुढचं उजवं, मागचं डावं, दर सहा महिन्यांनी चाक काढून बघणे.