समजा, डायोड चालू आहे

साहित्याच्या अभ्यासकांपुढे डायोडची गणिते कशाला, असे कुणी विचारील. आमचे उत्तर एवढेच, की संहिता कशी वाचावी याचा पहिला धडा आम्हांला मराठीच्या तासाला मिळाला नाही. तो भौतिकशास्त्राच्या वहीत मिळाला. धुळे जिल्ह्यातल्या मराठी शाळांमधून दहावी होऊन आम्ही काही जण जळगावला अकरावी विज्ञानाला आलो, तेव्हा 'विभवांतर', 'रोध', 'विद्युतधारा' हे कष्टाने पाठ केलेले शब्द एका दिवसात निरुपयोगी झाले. ओहमचा नियम तोच होता, त्याची भाषा तेवढी बदलली होती. त्या पडझडीत एक शब्द तगला. सर फळ्यावर इंग्रजीत 'अझ्यूम' लिहीत आणि तोंडाने म्हणत, "समजा."

नुसत्या रोधांचे गणित सरळ असते. संख्या घाला, उत्तर काढा. डायोडचे तसे नाही. तो धारा एकाच दिशेने जाऊ देतो, आणि तीही उंबरठ्याएवढे विभवांतर मिळाल्यावर : सिलिकॉनचा असेल तर सुमारे 0.7 व्होल्ट, जर्मेनियमचा असेल तर सुमारे 0.3. (साक्री तालुक्यात शिवाजीनगरला 2013 साली उभा राहिलेला 125 मेगावॉटचा सौरप्रकल्प म्हणजे अशाच अर्धवाहक संधींचे शेत, पण ते पुढचे.) तेव्हा डायोड चालू की बंद हे कळल्याशिवाय परिपथ सुटत नाही, आणि परिपथ सुटल्याशिवाय तो चालू की बंद हे कळत नाही. पुढे एम. ए.ला अंश आणि समग्र यांचे अर्थनिर्णयनातले चक्र शिकवले गेले, तेव्हा ते आम्हांला जुन्या ओळखीचे वाटले ते यामुळे.

या चक्रातून बाहेर पडायचे ते 'समजा' म्हणून. 5 व्होल्टची बॅटरी, 1 किलोओहमचा रोध आणि सिलिकॉनचा डायोड एका ओळीत जोडले आहेत. समजा, डायोड चालू आहे. मग रोधाच्या वाट्याला 4.3 व्होल्ट येतात आणि धारा 4.3 मिलिअँपिअर. दिशा योग्य, गृहीतक टिकले. आता बॅटरी उलटी करा आणि पुन्हा तेच समजा. उत्तर येते उणे 5.7. म्हणजे धारा डायोडमधून उलटी वाहते आहे, जे त्याला मान्य नाही. गृहीतक खोटे, डायोड बंद, धारा शून्य.

याहून सुंदर गणित दोन डायोडांचे. 12 व्होल्टची बॅटरी, तोच रोध, पुढे सिलिकॉन आणि जर्मेनियम समांतर, दोघांचीही तोंडे योग्य दिशेला. पाहताक्षणी वाटते, दोन्ही चालू. तसे समजून पाहिले तर त्याच दोन टोकांमध्ये एक डायोड 0.7 सांगतो, दुसरा 0.3. एकाच जागी दोन विभवांतरे असू शकत नाहीत. जर्मेनियम आधी चालू होतो, टोकांना 0.3 वर धरून ठेवतो, आणि सिलिकॉन योग्य दिशेला तोंड करूनही बंदच राहतो. धारा 11.7 मिलिअँपिअर, सगळी जर्मेनियममधून.

मराठीत 'समजा' म्हणजे गृहीत धरा, आणि 'समजा' म्हणजे समजून घ्याही. गणिताच्या वहीत या दोन अर्थांमध्ये पडताळ्याची एक ओळ असते. साहित्याच्या वर्गात ती ओळ बहुधा गाळली जाते, असे आमचे स्पष्ट मत आहे. आमच्याच खानदेशातले उदाहरण घ्या. बालकवींचा जन्म धरणगावचा आणि मृत्यू 1918 साली भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली. हा शेवट ठाऊक असलेला वाचक 'औदुंबर' उघडतो आणि मनात म्हणतो, समजा, ही कविता मृत्यूची आहे. हरकत नाही, समजा. शेवटाकडचा काळा डोह या गृहीतकाला लगेच दुजोरा देतो. पण कविता अवघी आठ ओळींची आहे, आणि तिच्या पूर्वार्धात हिरवळ आहे, झरा आहे, लहानसे गाव आहे. शिवाय लाटांवर पसरणारा तो काळिमा कवीने गोड म्हटला आहे. त्या 'गोड'चे काय करायचे? तो शब्द म्हणजे आमच्या लेखी उणे 5.7 आहे. गृहीतक सोडा, निदान दुरुस्त करा. समीक्षेची भारदस्त परिभाषा वापरून तो शब्द झाकू मात्र नका. असो.

आज आमच्यातले काही जण ज्या विद्यापीठाच्या महाविद्यालयांत मराठी शिकवतात, त्याला 2018 पासून बहिणाबाई चौधरींचे नाव आहे. पहिल्या वर्षाला बसणारी पुष्कळ मुले विज्ञान सोडून आलेली असतात. कारण विचारले तर डायोड कठीण होता असे क्वचितच कुणी म्हणते, इंग्रजी कठीण होते असे बहुतेक म्हणतात. त्यांना आम्ही सांगतो, कवितेवर लिहिताना पहिली ओळ 'समजा'ने सुरू करा आणि खाली तिला अडवणारा शब्द लिहा. मागे एका मुलीने 'औदुंबर'वर दीड पान लिहिले, मग ते आडव्या रेघेने खोडून खाली नव्याने लिहिले, "समजा, तसे नाही." गुण कुठल्या पानाला द्यायचे, यावर आमच्यात अजून एकमत नाही.