एकच ठेवायची तर कोणती?

परवा रात्री साडेनऊला पुतण्याचा फोन आला. गावाकडचा फोन रात्री आला की माझ्या पोटात अजूनही गोळा येतो. पण त्याचा आवाज नेहमीसारखाच होता. म्हणाला, "काका, बाबांच्या परवान्याचं काम निघालंय. माझ्या नावावर एकच चढेल म्हणतात. दुनळी ठेवू की रायफल? तुम्ही सांगाल तसं करतो."

मुलुंडच्या दोन खोल्यांत राहणाऱ्या, आयुष्यभर मराठी शिकवलेल्या माणसाला हा प्रश्न! आमच्या सोसायटीत कुणाला सांगितलं तर हसतील. माझ्या हातात शेवटची बंदूक आली त्याला ५५ वर्षं झाली. पण पुतण्याला विचारायला दुसरं कोणी उरलेलं नाही, हेही खरंच. दादा गेल्यापासून त्या घरातला सगळ्यात म्हातारा माणूस मी.

आधी भानगड काय ती सांगतो. संगमेश्वर तालुक्यात देवरुखच्या पलीकडे आमचं घर. घरात एके काळी तीन हत्यारं होती. आजोबांची ठासणीची, आप्पांची म्हणजे वडिलांची बारा बोअरची दुनळी, आणि काकांची .३१५ रायफल. काकांना मूलबाळ नव्हतं, त्यामुळे त्यांच्यामागे सगळीच दादाकडे आली. १९८३ पासून एका माणसाला तीनच हत्यारं ठेवता येत होती. २०१९ च्या डिसेंबरात कायदा बदलला आणि तिनाची दोन झाली. तेव्हा दादाने ठासणीची जमा करून टाकली. आता दादा नाही. पुतण्याकडे त्याची स्वतःची शेतीसंरक्षणाची एकनळी आहेच, म्हणजे वडिलांच्या दोनांतली एकच घेता येणार.

पुतण्या लॉकडाऊनमध्ये पुण्याची नोकरी सोडून गावी आला तो तिथेच राहिला. काजू, थोडे आंबे, खालच्या मळ्यात भात, परसात केळी नि सुरण. आणि या सगळ्यावर डुकरं. एका रात्रीत सुरणाचा वाफा असा उकरतात की नांगर फिरवल्यासारखा दिसतो. त्यातून दर निवडणुकीला हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करायची. २०२४ साली तर लोकसभा नि विधानसभा दोन्ही झाल्या. तो म्हणतो, "आचारसंहिता माणसांना, काका, डुकरांना नाही."

त्याने प्रश्नाचा अभ्यासही केला होता. हल्लीची मुलं यूट्यूबवर सगळं बघतात. अमेरिकेतले लोक तासन्‌तास वाद घालतात म्हणे, की हरणापासून अस्वलापर्यंत आणि रानात मुक्कामाला जाताना सोबतीला अशी एकच रायफल घ्यायची तर कुठल्या बोअरची. त्यांचं जुनं लाडकं उत्तर म्हणजे थर्टी-ओ-सिक्स. मुळात तिथल्या लष्कराचं १९०६ सालचं काडतूस, म्हणून नावात तो सहा. पुतण्या म्हणाला, "आपली थ्री-फिफ्टीन तशीच की. सगळ्याला चालणारी."

इथे थोडा मास्तरकी करतो, सवय जात नाही. रायफलीचा बोअर इंचात मोजतात. .३१५ म्हणजे नळीचं भोक सुमारे आठ मिलिमीटर. बारा बोअरचा हिशेब वेगळाच आहे. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यातली एक ज्या नळीत बसेल ती बारा बोअर. म्हणून सोळा बोअर ही बारापेक्षा लहान. वर्गात हे सांगितलं असतं तर मागच्या बाकावरची पोरंसुद्धा जागी झाली असती. कधी सांगितलं नाही.

आमचे काका मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते, दुसऱ्या महायुद्धात इटलीला जाऊन आलेले. त्यांच्या हातात .३०३ बसलेली. परत आल्यावर तीच घ्यायची होती, पण ती सरकारी फौजेची, रयतेला मिळत नाही. हे धोरण थेट विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं. फौजेच्या कोठारातलं काडतूस चोरलं तरी बाहेरच्या बंदुकीत ते बसता कामा नये, असा इंग्रजांचा साधा विचार. मग कारखानदारांनी वाट काढली. ऑस्ट्रियाच्या मॅनलिखर रायफलीचं आठ मिलिमीटरचं काडतूस घेतलं आणि .३०३ च्याच धाटणीच्या रायफली त्याच्यासाठी बनवून हिंदुस्थानात विकल्या. काकांची बर्मिंगहॅमच्या बी.एस.ए. कंपनीची, वापरलेली, घेतली तेव्हाच पट्टा झिजलेला. हातात घेतल्यावर ते म्हणाले होते म्हणे, "ही तिची सावत्र बहीण."

तेव्हा आमच्याकडे कुठला बोअर चांगला हा प्रश्न शिकाऱ्याने सोडवलेलाच नाही. तो सरकारने सोडवला, आणि उरलेला काडतुसांच्या दुकानाने. राजेरजवाड्यांकडच्या एकाहून एक विलायती रायफली पुढे नुसत्या भिंतीवर राहिल्या, कारण बाहेरून काडतुसं येईनात. .३१५ मात्र चालत राहिली, कारण तिचं काडतूस खडकीला होतं. पुण्याला जाताना खडकी स्टेशन लागतं ना, तिथला दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा आहे. काकांच्या काडतुसांच्या बुडावर 'केएफ' ही इंग्रजी अक्षरं होती, म्हणजे किरकी फॅक्टरी. लहानपणी मला ती कुणाच्या तरी नावाची आद्याक्षरं वाटायची.

काका जिम कॉर्बेट वाचायचे. १९०७ साली चंपावतची वाघीण मारल्यावर तिथल्या लेफ्टनंट गव्हर्नरने कॉर्बेटना रिग्बी कंपनीची .२७५ रायफल भेट दिली. सात मिलिमीटरची, वजनाला हलकी, डोंगर चढताना खांद्याला न टोचणारी. १९२६ साली रुद्रप्रयागचा बिबट्या त्यांनी तिनेच मारला. तेच सात मिलिमीटरचं काडतूस वापरून आफ्रिकेत बेल नावाच्या स्कॉटिश माणसाने शेकड्यांनी हत्ती मारले. आज वाचताना अंगावर काटा येतो तो वेगळ्या कारणाने, पण काका याचा दाखला द्यायचे: "एवढीशी गोळी. नेम हवा." त्यांना कुणी विचारलं की एकच ठेवायची तर कोणती, तर क्षणात उत्तर यायचं: रायफल. आप्पा काही बोलायचे नाहीत. ते त्यांच्या दुनळीत एल.जी.ची काडतुसं भरून बांधावर बसायचे. त्यातल्या मोजक्या जाड गोळ्या तीस-चाळीस पावलांपर्यंत डुकराला पुरतात. त्यापलीकडे उडवायचीच नाही, हा त्यांचा नियम.

मीही बरीच वर्षं काकांच्या पक्षातला होतो.

आता जे सांगायचं आहे ते पुतण्याला सांगितलं, तेव्हा इथेही लिहायला हरकत नाही.

१९७० चा मे महिना. मी बी.ए.ला होतो, सुट्टीत गावी आलो होतो. शिकारबंदीचा कायदा १९७२ चा, म्हणजे तेव्हा शिकार चालू होती. वाडीतल्या लोकांनी हाका घालायचं ठरवलं. काकांचा गुडघा धरला होता. त्यांनी रायफल माझ्या हातात दिली आणि ओहोळाच्या वळणावर बसवलं. जाताना एकच सांगितलं, "जनावराच्या मागे काय आहे ते बघ, मग दाब." मी मान हलवली. आदल्या सुट्टीत एका फणसाच्या खोडावर तीन गोळ्या उडवल्या होत्या, तेवढ्यावर मी स्वतःला कॉर्बेट समजत होतो.

हाकारे वरून आरडत, डबे बडवत उतरू लागले. डुक्कर आला तो झाडीतून नाही, सरळ ओहोळाच्या कोरड्या पात्रातून, मान खाली घालून. माझ्यासमोरून गेला तेव्हा वीस पावलांवर असेल. मी दाबला. खांद्याला दणका बसला, धूळ उडाली, आणि डुक्कर तसाच पुढे पळाला. त्याला खरचटलंही नव्हतं. पलीकडच्या उतारावर करवंदीच्या जाळ्या होत्या, तिकडे मी पाहिलंच नव्हतं. सव्वाशे पावलांवर तिथे एक माणूस होता.

त्याला आम्ही तात्या म्हणायचो. आमच्याकडे भातलावणीला यायचा, आप्पांच्याच वयाचा. हाक्याची बाजू सांभाळायला तो त्या उतारावर उभा होता. गोळी त्याच्या पुढ्यातल्या जांभ्याच्या दगडावर बसली. दगडाची कपची उडून भुवईवर लागली. मी धावत गेलो तेव्हा तो खाली बसला होता, अर्धा चेहरा रक्ताने भरलेला. माझ्या तोंडून शब्द फुटेना. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग रायफलीकडे. इतक्यात बाकीचे आले. "काय झालं?" तात्या म्हणाला, "काय नाय. जाळीत पडलो, काटा लागला."

कुणालाही संशय आला नाही. काकांनाही नाही, निदान मला तरी तसंच वाटत आलं आहे. संध्याकाळी तात्या हळद लावून पडवीत येऊन बसला, चहा घेतला. मी ओटीवर एकटाच आहे असं बघून हळूच म्हणाला, "बाळ, आप्पांच्या बंदुकीचं येगळं. तिचं जाऊन जाऊन जातंय किती? ह्येचं थांबत नाय." एवढंच. रागावला नाही. माफी मागायची होती, पण मागितली नाही. दुसऱ्या दिवशी म्हणालो की मागेन, मग मुंबईला परतलो, मग नोकरी, लग्न. तात्या १९८१ मध्ये गेला. त्याच्या भुवईवरचा वण दर सुट्टीत दिसायचा, आणि दर सुट्टीत मी दुसऱ्या कशाबद्दल तरी बोलायचो.

रायफलीची ती सोळा ग्रॅमची गोळी सेकंदाला दोन हजार फुटांच्या आसपास निघते. डुक्कर चुकला, किंवा लागून आरपार गेली, तरी पुढे मैल-दीड मैल सहज जाऊ शकते. कुमाऊंच्या दरीत, जिथे समोर नुसता डोंगर, तिथे ठीक. अमेरिकेतल्या त्या मोकळ्या माळांवरही ठीक असेल. आमच्याकडे वाडी संपली की शेत, शेत संपलं की पऱ्या, पऱ्यापलीकडे दुसरी वाडी. कोणत्याही दिशेला नळी धरा, मागे कुणाचं तरी परसू येतं. रात्री बॅटरीच्या झोतात तर जनावराचे डोळे तेवढे दिसतात, त्यामागचं काहीच नाही.

हे सगळं मी पुतण्याला फोनवर सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "काका, त्या उतारावर आता तात्यांच्या नातवाचं घर आहे. गेल्या वर्षी स्लॅब पडला."

मला माहीत नव्हतं.

पण तो लगेच मान्य करणाऱ्यातला नाही, आणि त्याचं म्हणणं खोटंही नव्हतं. म्हणाला, "दुनळीने लांबून उडवलं तर जनावर नुसतं जखमी होतं. जखमी डुक्कर दोन दिवसांनी कुणाला तरी फाडतो. रायफल असती तर जागेवर बसला असता." बरोबर आहे. आप्पांचा तीस-चाळीस पावलांचा नियम पाळायला आप्पांइतका धीर लागतो, रात्र रात्र बांधावर बसायला लागतं, आणि हल्ली कुणाला तेवढी झोप मोडून घ्यायची नसते. शिवाय उडवायचं म्हणजे आधी वनखात्याची परवानगी हवी. ती येईपर्यंत सुरण गेलेला असतो. बहुतेक रात्री तो हवेत एक बार काढतो आणि झोपतो. मी म्हटलं, "हवेत बार काढायलाही रायफल नको. वर गेलेलं खाली येतं."

यावर तो हसला. कायदासुद्धा गंमतीचा आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीकसंरक्षणासाठी म्हणून जी नावानिशी लिहिली आहे ती ठासणीची बंदूक, म्हणजे दादाने पहिली देऊन टाकली ती!

गेल्या आठवड्यात मी गावी जाऊन आलो. दिव्याहून रेल्वेने, गुडघे आवळून. पुतण्याने गाडी काढली आणि रत्नागिरीला गेलो. विक्रेत्याने बोल्ट काढून नळीतून उजेडाकडे पाहिलं आणि म्हणाला, "मास्तर, नळी अजून छान आहे हो. घेणारा मिळेल." नंबर रजिस्टरात उतरवला. काडतुसं अकरा उरली होती, ती मोजून घेतली. सगळ्यांच्या बुडावर केएफ. पावती पुतण्याच्या नावाने झाली.

परतताना मी त्याला गाडी पऱ्यापलीकडून घ्यायला सांगितली. तात्यांच्या नातवाच्या घरी दार उघडंच होतं. त्याची बायको म्हणाली, ते बाजाराला गेलेत, बसा, चहा टाकते. ओटीवर बसलो. समोर ओहोळाचं ते वळण दिसत होतं, मला वाटत होतं त्यापेक्षा खूपच जवळ. नातू तासाभराने आला. "मुंबईचे मास्तर ना तुम्ही?" म्हणाला. मी म्हटलं, "हो. तुझ्या आजोबांच्या कपाळावर एक वण होता, आठवतो?"

"काटा लागला होता त्यांना," तो म्हणाला. "हाक्यात."

मग मी त्याला सांगायला सुरुवात केली.